अतिमानवी सामर्थ्याची मोजदाद : सुपरहीरो भूमिकाक्रीडेतील पात्रनियम व विश्वनियम

भूमिकाक्रीडा हा शब्द मराठीत अद्याप रुळलेला नाही, म्हणून प्रथम त्याचा अर्थ स्पष्ट करणे इष्ट होईल. चार-सहा माणसे एका टेबलाभोवती बसतात. त्यांपैकी एक सूत्रधार होतो. उरलेले प्रत्येकी एकेका पात्राची जबाबदारी पत्करतात. सूत्रधार प्रसंग वर्णन करतो, खेळाडू आपापले पात्र त्या प्रसंगी काय करील ते सांगतात, आणि जेथे परिणाम संदिग्ध असेल तेथे फासे टाकून त्याचा निर्णय लावला जातो. या प्रकारात संहिता नसते आणि प्रेक्षकही नसतो; असतो तो केवळ एक नियमग्रंथ. गॅरी गायगॅक्स व डेव्ह आर्नेसन यांनी १९७४ साली अमेरिकेत प्रसिद्ध केलेला ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ हा या परंपरेतील पहिला छापील ग्रंथ. साहित्याच्या अभ्यासकाला या ग्रंथांकडे दुर्लक्ष करता येत नाही, याचे कारण असे की, कथेतील पात्र म्हणजे काय, त्याचे सामर्थ्य व त्याचे शील कशात असते, या प्रश्नांची उत्तरे समीक्षक विशेषणांनी देतो, तर नियमकर्त्याला ती आकड्यांनी द्यावी लागतात. आकडा चुकला तर तो पहिल्याच बैठकीत उघडा पडतो.

‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’मधील वीर आरंभी दुबळा असतो व साहसांगणिक पायरीपायरीने बलवान होतो. सुपरहीरोची गोष्ट अगदी उलट आहे. १९३८ साली ‘अ‍ॅक्शन कॉमिक्स’च्या पहिल्या अंकात अवतरलेला सुपरमॅन मुखपृष्ठावरच मोटार उचलून उभा आहे, त्याला शिकावयाचे असे फारसे काही नाही. त्याच्याच शेजारी केवळ धनुर्विद्या जाणणारा एखादा मर्त्य नायक तितक्याच तोलाने वावरतो, आणि वाचकाला त्यात विसंगती वाटत नाही, कारण दोघांना किती वाव द्यावयाचा हे लेखकाच्या हाती असते. टेबलाभोवती मात्र तो मर्त्य नायक एका खऱ्या माणसाच्या हाती असतो. तो माणूस चार तास इतरांचे पराक्रम ऐकत बसणार असेल, तर पुढच्या रविवारी तो येणार नाही. सामर्थ्य विषम ठेवून महत्त्व सम कसे राखावे, ही या क्रीडाप्रकाराची मूळ अडचण होय.

आरंभीच्या ग्रंथांना ही अडचण पुरती उमगली होती असे दिसत नाही. डोनल्ड सॅक्समन यांचा ‘सुपरहीरो २०४४’ हा १९७७ सालचा ग्रंथ या शाखेतील आद्य ग्रंथ मानला जातो. इंगुरिया नामक कल्पित बेट आणि एकविसाव्या शतकाचा मध्य ही त्याची पार्श्वभूमी. त्यात खेळाडूने आठवड्याचे वेळापत्रक भरावयाचे असते: इतके तास गस्त, इतके तास विश्रांती. नायकाच्या जीवनाचा हा हिशेब काहीसा कचेरीतील हजेरीपटासारखा वाटतो. परंतु शौर्यालाही वेळ लागतो व तो कोठून तरी काढावा लागतो, ही जाणीव त्यामागे आहे. जॅक हर्मन व जेफ डी यांच्या १९७९ सालच्या ‘व्हिलन्स अँड व्हिजिलँटीज’मध्ये तर खेळाडूने स्वतःचीच भूमिका करावयाची असते. आपल्या अंगच्या बळाचे व बुद्धीचे माप मित्रमंडळींच्या संमतीने ठरवायचे आणि मग त्यावर फाशांनी मिळालेल्या अद्भुत शक्तींचा साज चढवायचा, अशी योजना आहे. मित्राच्या बुद्धीला त्याच्या समक्ष किती अंक द्यावेत, हा प्रश्न मैत्रीच्या दृष्टीने कसा घातक आहे हे सांगावयास नको. शिवाय शक्ती दैवाधीन ठेवल्याने एकाला उड्डाण व वज्रदेह मिळे, तर दुसऱ्याच्या वाट्याला एखादी किरकोळ सिद्धी येई.

या दैवाधीनतेला पहिले व्यवस्थित उत्तर दिले ते जॉर्ज मॅकडोनल्ड व स्टीव्ह पीटरसन यांच्या ‘चँपियन्स’ने. हा ग्रंथ १९८१ साली प्रसिद्ध झाला, आणि या शाखेचे व्याकरण पुढे बव्हंशी त्यानेच घडविले असे म्हणण्यास हरकत नाही. येथे पात्र फाशांतून जन्मत नाही, ते विकत घेतले जाते. प्रत्येक खेळाडूला सारखे अंक मिळतात. त्यांतून तो आपल्या पात्राचे बळ, चापल्य, बुद्धी, मनोधैर्य व नाना शक्ती खरेदी करतो. प्रत्येक मूलभूत लक्षण आरंभी १० असते. बळ एकाने वाढविण्यास एक अंक पडतो, तर चापल्य एकाने वाढविण्यास तीन. कारण नियमात चापल्य अधिक ठिकाणी उपयोगी पडते. किंमत ही गोष्टीच्या भव्यतेवर नसून तिच्या उपयोगावर ठरते, हे तत्त्व येथे प्रथमच इतक्या काटेकोरपणे पाळलेले दिसते. बळाची मोजणीही लक्षात घेण्याजोगी आहे. १० बळ असलेला माणूस १०० किलो वजन उचलतो आणि पुढे दर ५ बळास ही मर्यादा दुप्पट होते. म्हणजे ६० बळाचा नायक सुमारे १०० टन उचलतो. कागदावरील सहापट संख्येने जगातील हजारपट अंतर व्यक्त व्हावे, ही ती युक्ती. ग्रेग गॉर्डन यांनी १९८५ सालच्या ‘डीसी हीरोज’मध्ये हेच द्विगुणनाचे तत्त्व वजन, अंतर, काल अशा सर्वच मापांना लावले. तेथे एकेका एककाने परिमाण दुप्पट होते, म्हणून २० एककांचा फरक म्हणजे दहा लक्ष पटींहून अधिक फरक. देव आणि माणूस एकाच कोष्टकात बसविण्याचा याहून सुटसुटीत मार्ग सापडणे कठीण.

‘चँपियन्स’चा खरा विशेष मात्र अंकगणितात नसून एका विश्लेषणात आहे. शक्तीचा परिणाम व शक्तीचे रूप ही त्याने वेगळी केली. दूरवरून आघात करण्याची शक्ती घ्यावयाची असल्यास प्रत्येक फाशास ५ अंक पडतात, १० फाशांचा आघात ५० अंकांना मिळतो. हा आघात अग्नीचा आहे, विजेचा आहे की डोळ्यांतून निघणाऱ्या किरणांचा, हे खेळाडूने सांगावयाचे; त्याला वेगळी किंमत नाही. वाङ्मयात ज्याला आपण पात्राची प्रतिमा म्हणतो ती अशा रीतीने सर्वस्वी निःशुल्क व मुक्त झाली, आणि नियमांचा अंमल केवळ परिणामापुरता उरला. नंतर त्या परिणामाला विशेषणे जोडता येतात. तो कवचभेदी हवा असेल तर किंमत दीडपट, म्हणजे ७५. उलट तो हातातील अशा यंत्रावर अवलंबून असेल की जे उघड दिसते व शत्रूला हिसकावून घेता येते, तर ५० ला दोनाने भागून २५ अंकच द्यावे लागतात. मर्यादेबद्दल सूट मिळते. पण सूत्रधाराला एक कसोटी दिलेली आहे. जी मर्यादा खेळात कधीच आड येणार नाही तिला सूट नाही. ज्या कथेत पाण्याचा थेंबही नाही त्या कथेत ‘पाण्याखाली चालत नाही’ असे लिहून कोणाला अंक वाचविता येऊ नयेत.

भारतीय वाचकाला येथे वरदानांच्या कथा आठवल्यावाचून राहणार नाहीत. हिरण्यकशिपूचा वर म्हणजे मर्यादांची एक लांबलचक यादीच होती. दिवसा नाही, रात्री नाही. घरात नाही, बाहेर नाही. मनुष्याकडून नाही, पशूकडून नाही. तरीही त्या यादीतील फट नरसिंहाने शोधली. परंतु साम्य येथेच संपते. पुराणातील फट ही वर मागणाऱ्याच्या नजरेतून निसटलेली असते आणि प्रतिपक्षाच्या उपयोगी पडते. या खेळातील फट पात्राचा कर्ता स्वतःच, उघड्या डोळ्यांनी, मोबदला घेऊन लिहून देतो. कर्णाला दोन शाप मिळाले ते त्याच्या इच्छेविरुद्ध. ‘चँपियन्स’मधील कर्णाने ते निवडून घेतले असते आणि त्यांच्या बदल्यात कवचकुंडले अधिक जाड केली असती.

ही तुलना केवळ गमतीची नाही, कारण या ग्रंथाचा पुढचा भाग नेमका तोच आहे. आरंभीच्या १०० अंकांवर अधिक अंक हवे असतील तर खेळाडूने पात्राला वैगुण्ये जोडावयाची. १९८९ सालच्या चौथ्या आवृत्तीत अशा वैगुण्यांतून १५० पर्यंत अंक मिळून एकूण २५० होत. वैगुण्यांची यादी मोठी मार्मिक आहे. गुप्त ठेवलेली ओळख. पाठीस लागलेला वैरी. संकटात सापडणारी आई, प्रेयसी वा धाकटा भाऊ. विशिष्ट द्रव्याने होणारी हानी. संतापात भान हरपणे. कथालेखक ज्यांना कथानकाचे धागे म्हणतो ते येथे ऋणाच्या रूपाने मांडलेले आहेत आणि त्यांची वसुली कधी व्हावी हेही निश्चित केलेले आहे. वैरी किंवा आप्त प्रस्तुत बैठकीत उपस्थित होणार की नाही, हे तीन फाशांच्या बेरजेवरून ठरते. ८ वा त्याहून कमी, ११ वा कमी, १४ वा कमी अशा तीन पायऱ्या आहेत. २१६ शक्यतांपैकी पहिलीत ५६, दुसरीत १३५ व तिसरीत १९६ अनुकूल पडतात. म्हणजे वैरी सुमारे शेकडा २६, साडेबासष्ट किंवा ९१ बैठकांत येणार. नियती ही कल्पना इतक्या निर्विकारपणे क्वचितच मांडली गेली असेल.

याच यादीत, मनोमर्यादा या सदराखाली, ‘प्राण न घेण्याचे व्रत’ आढळते. सुपरहीरोचा जो मुख्य सद्गुण तो येथे वैगुण्य म्हणून नोंदला जातो व त्याबद्दल अंक मिळतात! हे वाचून प्रथम धक्का बसतो. नियमकर्त्यांनी नीतीची थट्टा केली आहे असा त्यावरून तर्क करणे मात्र चुकीचे ठरेल. त्यांच्या दृष्टीने वैगुण्य म्हणजे दोष नव्हे. जे पात्रापुढील मार्ग कमी करते ते वैगुण्य. व्रतस्थ माणसापुढे इतरांपेक्षा मार्ग कमी असतात, ही गोष्ट व्रत घेणारा कोणीही मान्य करील. आक्षेप घ्यावयाचा तर तो दुसऱ्या बाजूने घेता येतो. मोबदला आगाऊ हाती पडल्यावर व्रत पाळण्याची उत्सुकता ओसरते. अंकांसाठी पाच-सहा वैगुण्ये लिहून ठेवावयाची आणि मग सूत्रधार ती विसरेल अशी आशा धरावयाची, हा प्रकार अनेक मंडळांत घडू लागला, आणि ज्याच्या अंगी सूत्रधाराला थोपविण्याचे चातुर्य अधिक त्याचे पात्र अधिक बलवान ठरू लागले.

यावर दोन उपाय निघाले. स्टीव्ह केन्सन यांचा ‘म्यूटंट्स अँड मास्टरमाइंड्स’ हा ग्रंथ २००२ साली निघाला. त्याच्या पुढील आवृत्त्यांत अशा गुंतागुंतींना आगाऊ अंक मिळत नाहीत. ती गुंतागुंत प्रत्यक्ष कथेत आड आली की त्या वेळी खेळाडूला एक वीरांक मिळतो, आणि तो खर्चून त्याला पुढे अवघड प्रसंगी फासा पुन्हा टाकता येतो. या एका बदलाने खेळाडूची वृत्तीच पालटते. आपल्या पात्राची आई ओलीस धरली जावी, असे तो स्वतःच सुचवू लागतो. खुद्द ‘चँपियन्स’ ज्या प्रणालीवर आधारलेला आहे तिच्या २००९ सालच्या सहाव्या आवृत्तीनेही आपली भाषा बदलली. तेथे सर्वसाधारण सुपरहीरोला ४०० अंक मिळतात व त्यांच्या जोडीला ७५ अंकांच्या गुंतागुंती पत्कराव्या लागतात. गुंतागुंत हे आता उत्पन्नाचे साधन न राहता प्रवेशाची अट झाली आहे. २५० वरून ४०० पर्यंतची ही वाढ पाहता पात्रांच्या दुनियेतही महागाई असते असे दिसते.

आता वधाच्या प्रश्नाकडे वळले पाहिजे. सुपरहीरोच्या कथेत माणसे इमारतींवर आदळतात, भिंती फोडून पलीकडे पडतात आणि दुसऱ्या दिवशी तुरुंगात धडधाकट आढळतात. अमेरिकेत १९५४ साली कॉमिक्सच्या प्रकाशकांनी स्वतःवर आचारसंहिता लादून घेतली, तिने या संकेताला बळकटी आणली. हा संकेत नियमात कसा उतरवावा? ‘चँपियन्स’चे उत्तर या ग्रंथातील सर्वांत चतुर रचना होय. प्रत्येक पात्राला दोन साठे असतात: एक शुद्धीचा, दुसरा देहाचा. पहिला संपला तर पात्र बेशुद्ध पडते. दुसरा संपला तर ते मरणपंथाला लागते. सामान्य आघाताचे फासे एकदाच टाकतात, पण मोजतात दोन रीतींनी. ठिपक्यांची बेरीज शुद्धीतून वजा होते. देहाची हानी मोजताना मात्र एकाला शून्य, दोन ते पाच यांस प्रत्येकी एक आणि सहास दोन असे धरतात. परिणामी १० फाशांचा आघात सरासरीने शुद्धीची ३५ व देहाची १० हानी करतो. प्रतिस्पर्ध्याचे अंगभूत संरक्षण २० असेल, तर शुद्धीतून १५ जातात आणि देहाला ओरखडाही येत नाही. हाच आघात एखाद्या सामान्य नागरिकावर झाला तर काय होते? त्याचे संरक्षण २, शुद्धी २०, देह १०. तो तत्काळ बेशुद्ध होतो आणि देहाचे १० पैकी ८ अंक गमावून मृत्यूच्या उंबरठ्यावर येतो. सरासरीहून किंचित वरचढ फासे पडले तर उंबरठा ओलांडतोही. म्हणजे समबलांच्या युद्धात निरुपद्रवी असलेली शक्ती दुर्बलावर पडताच घातक ठरते. नायकाने रस्त्यावरील चोराला पूर्ण ताकदीने मारू नये हे नियमग्रंथाला उपदेशाने सांगावे लागत नाही. ज्याने एकदा हिशेब केला तो खेळाडू आपण होऊन दहापैकी तीनच फासे उचलतो. संयम हा येथे कोष्टकातून जन्मास येतो.

१९८४ साली टीएसआर संस्थेने जेफ ग्रब यांचा ‘मार्व्हल सुपर हीरोज’ प्रसिद्ध केला. त्याने नेमका उलट मार्ग धरला. त्यात सामर्थ्याला आकड्यांपेक्षा विशेषणांनी ओळखतात. ‘दुबळा’पासून ‘सामान्य’, ‘उत्तम’, ‘अचाट’ अशा पायऱ्या चढत ‘अलौकिक’पर्यंत जाता येते, आणि ही विशेषणे कॉमिक्सच्या वाचकाला सहज बोलता येतात. नीतीसाठी मात्र उघड चलन काढले आहे व त्याचे नाव ‘कर्म’. लोकांना वाचविले, गुन्हा रोखला की कर्म वाढते. खाजगी जीवनातील दिलेला शब्द पाळल्यानेही ते वाढते. नायकाने प्राण घेतला की साठलेले सर्व कर्म एका क्षणात शून्य होते. हे कर्म खर्चून फाशांचे फळ सुधारता येते. शब्द आपला असला तरी कल्पना आपली नाही. संचित, प्रारब्ध व क्रियमाण असा भेद करणाऱ्या परंपरेत कर्म हे कर्त्याच्या हातातील नाणे नव्हते. त्याचे फळ केव्हा व कसे मिळेल हे त्याला ठाऊक नसते, आणि म्हणूनच त्यात नैतिक गांभीर्य असते. ग्रब यांचे कर्म पेढीतील ठेवीसारखे आहे. खेळ म्हणून ही योजना अत्यंत यशस्वी ठरली, कारण ती सुबोध आहे. परंतु ‘चँपियन्स’मधील खेळाडू चोराला हळू मारतो तो चोर मरेल म्हणून, आणि येथील खेळाडू हळू मारतो तो ठेव बुडेल म्हणून, हा फरक लहान नव्हे.

अलीकडच्या ग्रंथांत सामर्थ्याचे मोजमापच सोडून देण्याकडे कल दिसतो. ब्रेंडन कॉन्वे यांच्या २०१६ सालच्या ‘मास्क्स’मध्ये नायक किशोरवयीन आहेत. कोण किती टन उचलतो हे त्यात कोठेही लिहिलेले नाही. पाच बिरुदे आहेत: धोकादायक, विचित्र, तारणहार, श्रेष्ठ, सामान्य, आणि प्रत्येकाचे मूल्य उणे दोन ते अधिक तीन यांमध्ये हलते. ज्याच्या मताचा पात्रावर प्रभाव आहे अशी वडीलधारी व्यक्ती ‘तू असा आहेस’ असे म्हणाली की एक बिरुद वर जाते व दुसरे खाली येते. पात्र ते नाकारू शकते; पण तेथेही फासे टाकावे लागतात. तडाखा बसला तर शुद्धी वा देह यांऐवजी भय, क्रोध, अपराधभाव, निराशा किंवा असुरक्षितता यांपैकी एक अवस्था नोंदली जाते. सामर्थ्याच्या विषमतेची मूळ अडचण येथे सुटली, ती अप्रस्तुत ठरवून.

पात्रनियमांइतकेच महत्त्व विश्वनियमांना आहे, जरी ग्रंथांत त्यांना बहुधा शेवटची पाने मिळतात. आकाशात उडणारी माणसे असताना नगरे, न्यायालये, वर्तमानपत्रे आपल्या जगासारखीच कशी राहतात? बहुतेक कल्पित विश्वे हा प्रश्न टाळतात. ‘फ्रीडम सिटी’सारख्या नगरात देव, परग्रहवासी, यंत्रमानव व जादूगार सर्वच सुखाने नांदतात, प्रत्येक खेळाडूला हवे ते पात्र आणता यावे हा त्यातील हेतू, आणि तो व्यवहार्य आहे. ‘चँपियन्स’च्या विश्वात निदान एक खूण ठेवलेली आहे: १९९२ साली एका खलनायकाशी झालेल्या युद्धात डेट्रॉइट शहर नष्ट झाले व त्याच्या जागी मिलेनियम सिटी उभी राहिली. त्या विश्वाचा नकाशा तरी आपल्या नकाशाहून वेगळा आहे.

दुसरी पद्धत एककारणाची. तिचे सर्वांत समृद्ध उदाहरण खेळातूनच साहित्यात गेले. स्टीव्ह पेरिन यांचा ‘सुपरवर्ल्ड’ हा ग्रंथ १९८३ साली व्हिक्टर मिलान यांनी जॉर्ज आर. आर. मार्टिन यांना वाढदिवसाची भेट म्हणून दिला. न्यू मेक्सिकोतील अल्बुकर्क येथील या लेखकमंडळीचा खेळ दीर्घकाळ चालला आणि त्यातून १९८७ साली ‘वाइल्ड कार्ड्‌स’ या सामायिक कथामालेचा पहिला खंड निघाला. खेळात प्रत्येक पात्राच्या शक्तीचा उगम वेगळा होता. कथेसाठी त्या सर्वांना एकच कारण देण्यात आले. १५ सप्टेंबर १९४६ रोजी न्यूयॉर्कवर परग्रहावरील विषाणू पसरतो. ज्यांना तो बाधतो त्यांच्यातील शंभरांपैकी ९० मरतात, नऊ विद्रूप होतात व एकालाच शक्ती लाभते. या एका प्रमाणात साऱ्या समाजाची रचना सामावलेली आहे: शोकाचा वार्षिक दिवस, विद्रूपांची वेगळी वस्ती, शक्तिमंतांविषयीचा हेवा व राजकीय चौकश्या. त्या कथामालेतील पुष्कळ पाने त्या नवांनी व्यापली आहेत.

पुढे हे विश्व पुन्हा खेळाच्या रूपात आले. १९८९ साली ‘गर्प्स’ प्रणालीसाठी व २००८ साली ‘म्यूटंट्स अँड मास्टरमाइंड्स’साठी त्याचे नियमग्रंथ निघाले. तेव्हा एक पेच निर्माण होणे अपरिहार्य होते. अंक देऊन पात्र विकत घेण्याच्या पद्धतीत विद्रूप देह हे वैगुण्य ठरते, आणि ‘गर्प्स’मध्ये वैगुण्यातून अंक मिळतात. कथेत ज्याला त्याच्या देहाने सर्व काही गमावावयास लावले, त्याच माणसाच्या पत्रिकेवर तो देह जमेच्या बाजूस लिहिला जातो. आणि शंभरांतील जे ९० मेले, त्यांच्यासाठी कोणत्याच नियमग्रंथात पत्रिका नाही.